जिन्याखालच्या बावीस बाटल्या

रविवार, ३० ऑक्टोबर २००५

घड्याळ दोन तास मागे!

हिवाळ्यासाठी काल सगळ्या इंग्लंडने घड्याळ एक तास मागे केलं. आमच्या किचनमधलं मात्र दोन तास. झोपण्यापूर्वी स्टुलावर चढून मी काटा फिरवला, हे पक्कं आठवतं. एकदाच फिरवला. मग दुसऱ्यांदा कोणी? बायकोला विचारलं. शुला म्हणाली, "मी कशाला हात लावू? स्टुलावर तुम्ही चढता."

म्हणजे मीच. परत उठून फिरवला असणार.

ऑगस्टमध्ये गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. रोश हशानाच्या, आमच्या ज्यू नववर्षाच्या, आदल्या दिवशी हलव्याचं पातेलं करपून कोळसा — गॅस मी चालू ठेवला म्हणे. मला यातलं काहीच आठवत नाही. न आठवणं हाच तर रोग!

शालोमचं असंच सुरू झालं होतं. माझा थोरला भाऊ, इस्राएलात अश्दोदला होता. आधी किल्ल्या, मग पातेली. शेवटी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "पत्रं दारात टाका, साहेब." मी खरोखरच पोस्टातला, म्हणून घरातले सगळे हसले. मी नाही हसलो.

तेव्हा तो एकाहत्तरचा होता. मी आता सहासष्ट.

इथे मराठीत लिहितो ते बरं. मुलांना, बेन-अदीनाला, वाचता येत नाही. शुला भायखळ्याच्या इंग्रजी शाळेतली, माझं अक्षर बघूनच कंटाळते.


बुधवार, २ नोव्हेंबर

रॉनचा फोन. स्लाऊच्या सॉर्टिंग ऑफिसात एकतीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून पत्रं लावली त्याने. आता डेव्हनला मुलीकडे राहतो. जाताना त्याची बीअर करायची बकेट, रबरी नळी, झाकणं ठोकायचं हत्यार आणि काचेचा हायड्रोमीटर माझ्या गळ्यात मारून गेला. "एफी, बकेटमध्ये काही घातलंस की अजून कोरडीच?"

कोरडीच, म्हटलं.

"मग स्ट्रॉंग कर. फडतूस बीअर दुकानात मिळते. स्ट्रॉंगला अक्कल लागत नाही. एकामागून एक सगळं बरोबर करायचं, आणि वाट बघायची. बस."

एकामागून एक सगळं बरोबर! फोन ठेवला आणि मनात आलं — हीच परीक्षा. सगळं क्रमाने जमलं तर डोकं शाबूत आहे. नाही जमलं तर... पुढे लिहीत नाही.

शुलाला कारण सांगितलेलं नाही. ती वृद्धांच्या वॉर्डात चोवीस वर्षं सिस्टर होती. असली माणसं तिने शेकड्याने पाहिली आहेत. हल्ली जेवताना माझ्याकडे बघत राहते. मी मीठ मागितलं तरी बघते.


रविवार, ६ नोव्हेंबर

केली!

कागदावर चौदा पायऱ्या लिहून घेतल्या. एकेक झाली की खूण. मॉल्टचे दोन डबे — काकवीसारखा काळा, घट्ट पाक — गरम पाण्यात उभे करून सैल केले. सगळ्यात मोठं पातेलं बेनच्या सुंतेच्या जेवणासाठी घेतलेलं, त्यात सात लिटर मावतं. रॉनकडे म्हणे पंचवीस लिटरचा हंडा होता. आपल्याकडे नाही. म्हणून अर्धं अर्धं करून दोनदा उकळलं. एकेक तास. त्यात हॉप्सची वाळकी फुलं. घरभर कडू वास. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली की घरात काही जळतंय का.

गाळायला फडकं नव्हतं. शुलाने शुक्रवारच्या प्रार्थनेचं, किद्दुशचं, मनुकांचं शरबत गाळायचं मलमलीचं कापड काढून दिलं. "धुवून द्यायचं हं. बीअरचा वास आला तर शुक्रवारी तुम्हालाच पाजीन." बाथटबमध्ये गार पाणी भरून पातेलं त्यात ठेवलं. मग बकेटमध्ये ओतलं, अकरा लिटरपर्यंत पाणी घातलं. हायड्रोमीटर तरंगत ठेवला — किती साखर आहे ते दाखवतो — १०८२! रॉन फोनवर म्हणाला, "आठ टक्के अल्कोहोल होईल. नीट जप."

यीस्ट टाकलं. झाकण सैल लावून बकेट वरच्या एअरिंग कपबोर्डात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी. भोवती जुनं ब्लँकेट.

चौदाच्या चौदा खुणा. एकही चुकली नाही. रडू आलं, तसाच बाथरूममध्ये गेलो.


मंगळवार, ८ नोव्हेंबर

कपाटातून आवाज येतो. बुडबुड, बुडबुड. फेसाने झाकण उचललं, टॉवेलांवर सांडला. शुला म्हणते, घरात बाळंतीण असल्यासारखं वाटतं!


रविवार, १३ नोव्हेंबर

हायड्रोमीटर गेला.

काल शनिवार, शब्बाथ, म्हणून कामाला हात लावला नव्हता. आज माप घ्यायला ड्रॉवर उघडला तर नाही. त्याच ड्रॉवरमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. सगळं किचन उपसलं. दोन तास. मिळाला कुठे? तांदळाच्या डब्यात. उभा खुपसलेला.

शुला दारात उभी होती. नुसती "मिळाला ना? झालं तर" म्हणाली आणि वर गेली.

दाढी करताना पोस्टकोड म्हणत होतो. SL1 चे सगळे रस्ते, मग SL2, SL3. झोपेतही सांगायचो एकेकाळी, ऑफिसात पैजा लागायच्या. आज एक गल्ली अडली. फार्नहॅम रोडच्या मागची. गालाला ब्लेड लागलं. दहा मिनिटांनी आठवली. पण ती दहा मिनिटं!


रविवार, २० नोव्हेंबर

आता बुडबुड बंद. रॉन म्हणतो घाई नको. घाई करशील तर बाटल्यांचे बॉम्ब होतील.


रविवार, २७ नोव्हेंबर

तीन दिवस माप तेच, १०२०. म्हणजे यीस्टने खायची ती साखर खाल्ली. आता बाटल्या.

बावीस तपकिरी बाटल्या धुतल्या, ओव्हनमध्ये तापवल्या, टेबलावर रांगेत लावल्या. प्रत्येकीत अर्धा चमचा साखर — बंद बाटलीत गॅस व्हायला तेवढीच पुरते. जास्त घातली तर फुटते. म्हणून मोठ्याने मोजत घातली. एक, दोन, तीन... बावीस. तेवढ्यात अदीनाचा फोन, लीड्सहून. तिच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात माणसं कमी, रोज जादा ड्यूटी, नेहमीचंच. वीस मिनिटं बोललो. परत आलो तर शुला टेबल पुसत होती. मग नळीने बीअर भरली, झाकणं ठोकली. सगळ्या जिन्याखालच्या कपाटात, अंधारात.

आत्ताच लिहून ठेवतो, ताजं असताना: साखर घातली. एकदा. अर्धा चमचा. बावीस बाटल्यांत. एकदा!


रविवार, ११ डिसेंबर

सकाळी सहाला धडाम! खिडक्या थरथरल्या, कपाटावरच्या कपबश्या वाजल्या. मी पायजम्यातच जिन्याखाली धावलो. दार उघडलं — बावीसच्या बावीस उभ्या, शहाण्या मुलींसारख्या. शुला वरून ओरडत होती, "फुटली ना? फुटली ना?"

रेडिओवर कळलं. हेमेल हेम्पस्टेडजवळ तेलाचा डेपो पेटला. इथपर्यंत आवाज! तिकडे माणसं पळत होती आणि मी बाटल्या मोजत होतो. लाज वाटली.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. दार उघडेपर्यंत माझी खात्री होती की बाटल्याच फुटल्या, आणि माझ्याच चुकीने.


बुधवार, १४ डिसेंबर

फुटली. आज खरोखरच. दुपारी चहा घेत होतो. बंदुकीसारखा आवाज, मग काचा खळखळल्या. दाराखालून काळा ओघळ.

दार उघडायची हिंमत झाली नाही. दाराला खुर्ची लावून ठेवली आहे.


गुरुवार, १५ डिसेंबर

आणखी दोन. एक सकाळी, एक मी फोनवर असताना. रॉनने फोनमधूनच ऐकली!

"जीझस, एफी. तीन दिवस माप तेच होतं ना? मग कारण एकच. साखर दोनदा घातलीस."

दोनदा नाही, म्हटलं. लिहून ठेवलंय.

"मग लिहिल्यावर परत घातली असशील."

लिहिल्यावर कशी घालीन? तोवर झाकणं लागली होती! पण हे रॉनला सांगितलं नाही. कारण खरं सांगायचं तर — माझं लिहिलेलं मला खोटं वाटायला लागलंय. अदीनाच्या फोननंतर परत टेबलाशी आलो, तेव्हा आधी घातलेली साखर विसरून पुन्हा घातली असेन. एक, दोन, तीन, बावीस. अगदी शिस्तीत. शालोमही शिस्तीत करायचा सगळं. एकाच दिवशी चारदा दाढी करायचा.

साखरेचा डबा बघितला. रिकामा.


शुक्रवार, १६ डिसेंबर

डाव्या हाताने फोन धरून, उजव्याने लिहितोय. बेन तिकडून बोलतच आहे. थांब म्हटलं, ठेवला.

उरलेल्या एकोणीस बाटल्यांतला गॅस सोडायचा होता. झाकण ओपनरने किंचित उचलायचं, फुस्स झालं की परत दाबायचं. रॉन म्हणाला, तोंड झाक. मी पोस्टातला जाड कोट घातला, ओव्हनचे हातमोजे, डोक्यावर बेनचं शाळेतलं क्रिकेटचं हेल्मेट. शुलाला बजावलं — बागेत येऊ नकोस. तरी पहिलं झाकण ओपनरमधून तीनदा सुटलं. प्रत्येक बाटली टॉवेलात गुंडाळून, पोटापासून लांब धरून. सातवीपर्यंत देवाचं नाव घेत होतो. आठवीपासून नुसते आकडे.

बारा झाल्या. तेराव्या वेळी मागून किचनचं दार उघडलं. शुला. "अहो, मी एक..." एवढंच बोलली. बाकीच्या बाटल्या तिच्या पायाशी खोक्यात होत्या, त्यांतली एक फुटली.

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. तिने स्वतःच टॉवेल घट्ट बांधला, हात वर धरला, मला म्हणाली, "हेल्मेट काढा आणि टॅक्सी बोलवा. गाडी चालवू नका." तिचा आवाज वॉर्डातला. 

हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, अपघात विभागात, तीन तास. पाच टाके. तरुण डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "माझीच चूक." मला पाठीशी घातलं तिने. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी शरम कधी वाटली नाही मला.

शब्बाथच्या मेणबत्त्या उशिरा लागल्या आज.


रविवार, १८ डिसेंबर

बेन येऊन गेला. उरलेल्या बाटल्या त्याने बागेतल्या शेडमध्ये नेल्या, वर लोखंडी टब उपडा घातला. मग मला समोर बसवलं. मी त्याला बसवायचो तसं.

"डॅडी, मम्मीचा हात कापली. उद्या माझी मुलगी इथे असली तर? यू हॅव टू सी समवन. प्लीज. तू घर जाळशील एक दिवस."

घड्याळ, किल्ली, पातेलं — त्याला सगळं माहीत. शुलाने सांगितलं असणार. ती सिंकशी उभी होती, एका हाताने कप विसळत.  "तसं नाही रे, बेन," एवढं तरी म्हणेल असं वाटत होतं. म्हणाली नाही.

जाईन म्हटलं. डॉक्टरकडे.


रविवार, २५ डिसेंबर

हनुकाची, आमच्या दिव्यांच्या सणाची, पहिली मेणबत्ती. सगळे आले होते, अदीनाही लीड्सहून. बेनने शेडमधून एक बाटली आणली, बागेच्या टोकाला जाऊन हात लांब करून उघडली. फेस उडाला तो थेट त्याच्या बुटांवर! उरलेली पाच ग्लासांत थोडी थोडी.

काळीभोर. मनुका, जळका गूळ, शेवटी कडवट. खरं सांगतो, उत्तम झाली आहे. बेन म्हणाला, "डॅडी, हे खूप चांगली आहे." पण पोरं माझ्याकडे बघत होती ती कीव केल्यासारखी. शेवटचंच काही चांगलं करून ठेवलंय म्हाताऱ्याने, अशी. ग्लास तसाच खाली ठेवला.

नंतर बेन आणि अदीना किचनमध्ये इंग्रजीत कुजबुजत होती. "द स्टेअर्स", "ऑन हर ओन विथ हिम", "सेल". मी बाहेरच्या खोलीत नातीला गोष्ट सांगत होतो. तीच गोष्ट आधी एकदा सांगून झाली होती का, म्हणून घाबरून मध्येच थांबलो. ती म्हणाली, "गो ऑन, आजोबा!"


गुरुवार, ५ जानेवारी २००६

सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, नवी डॉक्टर आहे. डॉ. सुनीती. स्क्रीनवर पेणकर आडनाव वाचलं आणि थेट मराठीत, "पेणचे का, काका?" हो म्हटलं, बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आजोबांचा तेलाचा घाणा होता. "माझं माहेर अलिबाग!" डोळेच भरून आले माझे. चांगली बातमी असो की वाईट, मराठीत कळेल.

तीस मार्कांची परीक्षा. आज तारीख काय? हा कितवा मजला? शंभरातून सात वजा करत जा. तीन शब्द दिले, पाच मिनिटांनी परत विचारले. त्या पाच मिनिटांत मी शर्टाचं बटण पिळून तोडलं. तिन्ही सांगितले. तारीख एका दिवसाने चुकली, बस. एकोणतीस.

पण शालोमचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, तेव्हा ती गंभीर झाली. रक्त घेतलं. "दोन आठवड्यांनी या. तेव्हा जरा मोठी परीक्षा घेऊ. काकूंना घेऊन या हवं तर."

घरी सांगितलं, चल. शुला म्हणाली, हात दुखतोय. टाके कधीच निघालेत.


बुधवार, १८ जानेवारी

उद्या. काही खाल्लं नाही. उद्याचा कागद हातात आला की बेन घर विकायला काढील. मला कुठे ठेवतील? शुलाचा वॉर्ड आठवतो. तिला डबा द्यायला जायचो तेव्हा दारातला एक म्हातारा रोज विचारायचा, बस आली का?


गुरुवार, १९ जानेवारी

दीड तास. चित्रं, आकडे, एक लांब गोष्ट ऐकून परत सांगायची. घामाने बनियन चिकटलं.

डॉ. सुनीतीने कागद खाली ठेवले. "काका, तुम्हाला काही झालेलं नाही. रक्तही छान आहे. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, खरंच. तुम्ही घाबरलेले आहात, एवढंच."

मी हसलो. टेबलावर डोकं टेकून हसलो! तिने पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "घड्याळ, पातेलं, ती साखर... हे सगळं झालं तेव्हा घरात आणखी कोण होतं?"

कोणी नाही, म्हटलं. मी आणि शुला.

मी कोट उचलला. 

बस सोडून चालत आलो.


शुक्रवार, २० जानेवारी

शुलाने विचारलं नाही, मीच सांगितलं — मला काही नाही म्हणतात. ती पोळपाटाशी होती. लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "मला ठाऊक आहे. मला सप्टेंबरपासून ठाऊक आहे. विसरते ती मी."

मग माझ्यावर का ढकललंस? मुलांसमोर? तीन महिने मी मरत होतो, शुला!

"तुम्हाला झालं असतं तर मी केलं असतं सगळं. आयुष्यभर तेच केलं. पेशंट व्हायला मला येत नाही हो."

खूप राग आला. अजून आहे.

डॉ. सुनीतीकडे सोमवारची वेळ घेतली, शुलाच्या नावाने. शुलाने विचारलं, "पंतप्रधानाचं नाव विचारतात का अजून?" विचारतात, म्हटलं. "मग आत्ताच सांगून ठेवा."

सांगितलं. जेवायला बसण्याआधी तिने पुन्हा विचारलं.